तिरके चौकोन, सरळ पट्टी

लोणावळ्यात पाऊस संपला की घराघरांतल्या पेट्या उघडतात. वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस झेलणारं हे गाव. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, कपाटातल्या घडीच्या कपड्यांनाही ओल धरते. म्हणून ऑक्टोबरचं पहिलं कडक ऊन पडलं की गाद्या, रजया, गोधड्या, पुस्तकं, पापड, सगळं गच्चीवर येतं. गेल्या ऑक्टोबरात आम्हीही अम्मीची पत्र्याची पेटी उघडली. तिचा इंतेकाल होऊन चार महिने झाले होते. शेवटची दोन वर्षं ती आमच्याकडेच होती, त्यामुळे पेटीही आमच्याकडेच राहिली होती.

पेटीत सोळा साड्या निघाल्या. बहुतेक सुती, दोन-तीन रेशमी काठाच्या, एक ईदची बाटलीसारखी हिरवी. शिवाय नमाजेची पांढरी मलमलची ओढणी. ओढणीच्या एका कोपऱ्याला अम्मीनं स्वतः घातलेलं रफू होतं. साड्यांना कुबट वास येऊ लागला होता. आम्ही विचार केला, पेटीत ठेवून कसर लागण्यापेक्षा यांची गोधडी करावी. आमच्या मावळात थंडीत पहाटे गोधडीशिवाय भागत नाही, आणि आईच्या लुगड्याची गोधडी ही तर आपल्याकडची जुनी रीत आहे. त्याच संध्याकाळी हिरवी साडी कापायला घेतली. पंधरा-वीस चौकोन कापून झाल्यावर मोठ्या कौतुकानं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत आपाचा तळेगावहून फोन आला. सलाम नाही, दुआ नाही. एकच वाक्य: "मेरेकू पुछी क्या?"

आम्ही म्हणालो, "आपा, जुन्या साड्या तर आहेत."

"जुन्या असोत नाहीतर फाटक्या असोत," ती म्हणाली, "तुझ्या एकटीच्या आहेत का?"

फोन ठेवल्यावर आधी राग आला. दोन वर्षं अम्मीचं सगळं आम्ही केलं, आणि आता चार साड्यांचा हिशेब! पण रात्री इशाची नमाज झाल्यावर शांत डोक्यानं विचार केला, तेव्हा आपाचं म्हणणं खरं वाटलं. माणूस गेल्यावर त्याच्या मालकीचं जे काही मागे राहतं, ते सगळं तर्क्यात येतं. घर, पैसा, दागिने येतात तशी अंगावरची साडी, चष्मा, स्वयंपाकघरातलं पातेलंही येतं. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत, आणि उरलेलं सगळं वारसांचं. सूरह निसामध्ये आईवडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, आणि ती मालमत्ता थोडी असली तरी हा नियम सुटत नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. आम्ही ही आयत अनेकदा पढली होती. 'थोडी' म्हणजे सोळा साड्यासुद्धा, हे मात्र कात्री चालवेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

आपल्या घरांत हे सर्रास घडतं. मय्यतीनंतर आठ-दहा दिवसांत कुणीतरी मोठं माणूस कपाट उघडतं. चांगलं ते नात्यात वाटून टाकतं, बाकीचं गरिबांना देऊन टाकतं. नियत चांगली असते. पण सगळ्या वारसांना विचारलेलं नसतं. वारसांत कुणी अजाण मूल असेल तर त्याची संमतीही धरता येत नाही. दुसऱ्याच्या हिश्श्यातून आपण केलेली खैरात ही आपली खैरात होत नाही.

दुसऱ्या दिवशी आपाला फोन करून माफी मागितली. भाईजाननाही सांगितलं. पुढच्या रविवारी कामशेतला अब्बांच्या घरी सगळ्यांनी जमायचं ठरलं. आम्ही पेटी रिक्षात घालून स्टेशनवर आणली आणि पुण्याची लोकल धरली.

मळवली सुटलं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. त्या दिवसांत इंद्रायणी भात पिवळा पडू लागलेला असतो. हा भात आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा, 1987 साली बाहेर पडलेला, आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेला. खिडकीतून पाहताना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की खाचर एकही सरळ नाही. कुठलं तिरकं, कुठलं तीनकोनी, कुठलं ओढ्याबरोबर वळलेलं. तरी सगळं शिवार नीटनेटकं दिसतं, कारण मधे बांध आहेत. पिवळ्या भाताच्या मधून हिरव्या गवताच्या बांधाची रेघ. बांध काढला तर कुणाचं खाचर कुठलं ते कळणार नाही. आणि बांध कोरला तर काय होतं, ते मावळातल्या माणसाला सांगायला नको. कोर्टातल्या निम्म्या तारखा त्या वीतभर मातीवरूनच पडतात.

घरी जमलो. वारस तीन: भाईजान, आपा आणि आम्ही. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. सोळा साड्यांचे भाईजानचे आठ, आपाचे चार, आमचे चार. हिशेब तोंडी झाला. भाईजान हसून म्हणाले, "मी साड्या घेऊन काय करू? घ्या तुम्ही दोघी."

आपा म्हणाली, "असं हसून नको. नीट सांगा. खुशीनं देताय ना?"

भाईजान क्षणभर थांबले. मग म्हणाले, "खुशीनं देतो. भाभीला दोन ठेवा, बाकी माझा हक्क तुम्हा दोघींना दिला."

भाभीनं दोन साड्या उचलल्या. आपानं नेसायला तीन घेतल्या, आम्ही एक. अम्मीला शेवटच्या आजारात आंघोळ घालणाऱ्या, तिचे पाय चेपणाऱ्या शेजारच्या मावशींना एक द्यायचं तिघांनी मिळून ठरवलं. वाटणीच्या वेळी नात्यातले, यतीम आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून काही द्यावं, असं त्याच सूरहमध्ये सांगितलं आहे. उरल्या नऊ, त्यात आम्ही कापलेली हिरवीही आली. त्या नऊ साड्या आणि ओढणी गोधडीसाठी.

मग प्रश्न आला, गोधडी कुणाची? एक गोधडी तीन घरांत कशी राहणार? आपा म्हणाली, "तीन कर." पाच मीटरच्या साडीतून सहा-सात इंचाचे चौकोन शंभराहून जास्त निघतात, तेव्हा कापड कमी पडण्याची भीती नव्हती. तीन गोधड्या ठरल्या. चहा झाला. आम्हाला वाटलं, विषय संपला.

आपा कपबशी खाली ठेवत म्हणाली, "साड्यांसाठी आज तिघांना विचारलं, बरं वाटलं. या घरासाठी कुणी विचारलं होतं?"

कुणी काही बोललं नाही.

अब्बा गेले तेव्हा घर भाईजानच्या नावावर झालं. हक्कसोडपत्रावर आपानं सही केली, आम्ही केली, अम्मीनं अंगठा उठवला. पत्नी म्हणून तिचा आठवा हिस्सा होता, तोही त्याच कागदात गेला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. "बहिणींनी घर मागायचं नसतं," एवढंच सगळे म्हणत होते. आम्ही बीएड झालेलो, मुलांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असं शिकवणारे. आम्हीही तो कागद वाचला नव्हता. आपा म्हणाली, "मी तेव्हा नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हटलं असतं तर या घरात पुन्हा चहा मिळाला नसता असं वाटलं. त्याला खुशी म्हणतात का?"

भाईजान उठून बाहेर गेले. आम्ही पेटी घेऊन परतीची लोकल धरली. गाडीत अंधार झाला होता, खाचरं दिसत नव्हती.

आता गोधडीकडे येऊ, कारण पुढचे तीन महिने हात तिच्यातच होते. आणि अनेक बहिणींनी या सदरातून शिवणाचं काही सविस्तर द्या, असं कळवलं होतं.

आपल्याकडच्या गोधडीत तुकडे जसे हाती येतील तसे लावतात आणि कडेकडेनं सुरू करून धावदोऱ्यानं आत आत येतात. आम्ही या वेळी वेगळी पद्धत घेतली. प्रत्येक साडीचा चौकोन कोनावर उभा करायचा, शंकरपाळ्यासारखा, किंवा आपल्या घरातल्या शब्दांत शक्करपाऱ्यासारखा. त्याच्या चार बाजूंना चार त्रिकोण जोडून पुन्हा सरळ मोठा चौकोन करायचा. आणि अशा दोन चौकोनांच्या मधे उठून दिसेल अशा रंगाची सरळ पट्टी. पट्टी नसेल तर शेजारशेजारचे तिरके तुकडे एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ दिसतो. पट्टी आली की प्रत्येक साडी वेगळी ओळखू येते.

मापं अशी. शिवण सगळीकडे पाव इंच.

मधला चौकोन साडे सहा इंचाचा कापा, शिवल्यावर सहाचा उरतो. त्रिकोणांसाठी सव्वा पाच इंचाचे दोन चौकोन घ्या आणि प्रत्येक एका कर्णावर कापा, म्हणजे चार त्रिकोण मिळतात. समोरासमोरचे दोन त्रिकोण आधी जोडा, इस्त्री करा, मग उरलेले दोन. आता हा तुकडा नऊ इंचावर चारी बाजूंनी सारखा करून घ्या. कापताना मधल्या चौकोनाच्या टोकापुढे पाव इंच कापड राहिलंच पाहिजे, नाहीतर शिवणीत टोक खाल्लं जातं. शिवून झाल्यावर हा तुकडा साडे आठ इंचाचा भरतो. सहाच्या चौकोनाचा कर्ण साडे आठच्या जवळ येतो, हे गणित दहावीच्या पायथागोरसमध्ये आहे. आमचे विषय उर्दू आणि मराठी, म्हणून आम्ही आमच्या गणिताच्या सहकारी बाईंकडून पडताळून घेतलं.

आडवे पाच आणि उभे सात असे पस्तीस तुकडे लागतात. पट्ट्या अडीच इंच रुंदीच्या कापा, शिवल्यावर दोन इंचाच्या राहतील. एका ओळीत पाच तुकडे आणि सहा उभ्या पट्ट्या. म्हणजे नऊ इंच लांबीच्या बेचाळीस लहान पट्ट्या आणि ओळींच्या मधे व वर-खाली लावायला पंचावन्न इंचाच्या आठ लांब पट्ट्या. तयार गोधडी साडे चोपन्न बाय साडे पंच्याहत्तर इंच होते, एका माणसाच्या पलंगाला पुरेशी. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं कापड पट्ट्यांसाठी पावणेदोन मीटर आणि त्रिकोणांसाठी दीड मीटर घ्या, धुतल्यावर आटणं त्यात धरलेलं आहे.

आमची पहिली चूक सांगतो, तुमची वाचेल. आम्ही सुरुवातीला त्रिकोण असे कापले की त्यांची तिरपी बाजू बाहेर आली. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यावर फारसं ताणलं जात नाही, पण तिरकं ओढलं की रबरासारखं वाढतं. शिंपी त्याला उरेब म्हणतात. उरेब बाजू बाहेर राहिल्यामुळे इस्त्री फिरताच आमचे तुकडे तळलेल्या पापडासारखे वर-खाली झाले. सात तुकडे वाया गेले. वर सांगितल्याप्रमाणे चौकोन कर्णावर कापला की तिरपी बाजू आत, मधल्या चौकोनाच्या सरळ कडेला शिवली जाते आणि तिथे धरून राहते. बाहेर सरळ धागा येतो. इस्त्रीही ओढून फिरवू नका, उचलून ठेवा.

दुसरी चूक पट्टीची. तुकडा थोडा मोठा झाला की आम्ही पट्टी त्याच्याबरोबर ओढून नेत होतो आणि शेवटी जास्तीची कापून टाकत होतो. चार ओळी झाल्या आणि गोधडीची एक बाजू दुसरीपेक्षा दीड इंच लांब निघाली. सगळं उसवलं. पट्टी आधी मापानं कापायची, काठाला समांतर म्हणजे उभ्या धाग्यावर, आणि तुकडा तिच्यात बसवायचा. दोन्ही टोकं आणि मध्य टाचणीनं धरला की उरलेला थोडा झोळ शिवणीत जिरतो. लांब पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवा, म्हणजे पट्टीच्या खालचा तुकडा बरोबर वरच्याच्या खाली येतो. तुकडा बोलेल तशी पट्टी वळू लागली की घडी कधीच जुळत नाही.

रंगाबद्दल. पट्टी वेगळ्या रंगाची असून भागत नाही, ती फिकट-गडदात वेगळी हवी. लाल आणि हिरवा हे रंग वेगळे, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून एकच दिसतात. तुकडे पसरून डोळे किलकिले करून पाहा, किंवा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. पट्टी त्यात वेगळी उठली तर रंग बरोबर. अम्मीच्या साड्या बहुतेक गडद होत्या, म्हणून त्रिकोण फिक्या बदामी कापडाचे आणि पट्ट्या गडद निळ्या घेतल्या. साडीचे शाबूत काठ असतील तर त्यांच्याच पट्ट्या करा, त्याला तोड नाही.

कापण्याआधी सगळं कापड एकदा धुऊन घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग जातो का ते पाहा. साडी सुती की मिश्र, हे कळत नसेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर आकसून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापड सुतीबरोबर लावलं तर इस्त्रीत आणि धुण्यात दोघांची चाल वेगळी पडते. मलमल विरळ असते, तिला मागून दुसरं पातळ कापड लावून घ्या.

आणि आपल्या मावळासाठी एक सूचना: गोधडी फार जाड करू नका. वर हा शिवलेला थर, मधे एक जुनी चादर आणि खाली दोन साड्या मधोमध जोडून केलेलं अस्तर, एवढं पुरे. कापसाची जाड रजई पावसाळ्यात ओल धरते आणि वाळता वाळत नाही. तीन थरांची गोधडी एका उन्हात कोरडी होते.

शिवताना मनात बरंच येत होतं. ठिगळ हा आपल्याकडे कमीपणाचा शब्द झाला आहे. पण प्रेषित (स.) घरात काय करत, असं विचारलं गेलं तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलं की ते आपले कपडे शिवत आणि चपला दुरुस्त करत. सूफींच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणत. पुढे सुलेखनाची आणि चित्रांची पानं जोडून केलेल्या संग्रहालाही तेच नाव पडलं.

आपल्या सीमेपलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुस्लिम आहेत, ख्रिश्चन आहेत, हिंदू आहेत, गोधडी मात्र एकच. कडेपासून सुरू करून मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंधीची तिकोनी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. तिकडे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईनं 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या शेतात वापरायच्या कपड्यांचे चौकोन आणि पट्ट्या जोडून गोधडी केली. गीज बेंडच्या अशा गोधड्या पुढे मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, 2006 साली तिथल्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. गेलेल्या माणसाचे कपडे कापताना हात थरथरतो, हे आम्हाला आमचंच दुःख वाटत होतं. ते किती जणींचं आहे!

पहिली गोधडी जानेवारीत पुरी झाली. चौतीस तुकडे नऊ साड्यांचे. उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी बरोबर मधोमध येणारा पस्तिसावा ओढणीचा, रफू घातलेल्या कोपऱ्यासकट. ही आपाची. आम्ही ती घेऊन तळेगावला गेलो, तर भाईजान आधीच तिथे बसलेले. कामशेतच्या त्या रविवारनंतर त्यांचा आपाशी बोलणं-चालणं बंद असेल, अशीच आमची समजूत होती.

आपानं गोधडी पलंगावर अंथरली. हिरव्या तुकड्यावर हात फिरवत म्हणाली, "ही ईदची." मग निळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. भाईजान बराच वेळ गोधडीकडे बघत होते. म्हणाले, "मी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, भिडेखातर दिलेलं हे दिलेलं नसतं, मन राजी असावं लागतं. मग वडगावला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, कागद पक्का आहे, तुमचं काही अडत नाही."

"मग?" आपानं विचारलं.

"कागदाचं अडत नाही," भाईजान म्हणाले. "माझं अडतंय. एकरकमी द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. घर विकलं तर आम्ही कुठे जाऊ? पण किंमत काढून घेतो. तुमचा आणि अम्मीच्या हिश्श्यातला जो काय आकडा निघेल तो लिहून ठेवू. जमेल तसं देईन."

आपा म्हणाली, "मला पैसे आजच नकोत. लिहून ठेवा."

आमच्याकडे त्यांनी पाहिलं. आम्ही आमचा हिस्सा सोडतो, असं ओठांवर आलं होतं. नोकरी आहे, गरज नाही. पण मग वाटलं, आत्ता या क्षणी, गोधडीसमोर, डोळ्यांत पाणी असताना सोडलेला हिस्सा हाही भिडेचाच होईल. म्हणून म्हणालो, "आमचाही लिहा. सोडायचा असेल तर नंतर सोडू, वाचून, विचार करून."

भाईजान म्हणाले, "लिहितो."

ही मार्चमधली गोष्ट लिहितो आहोत. घराची किंमत अजून निघालेली नाही, आकडाही लिहिला गेलेला नाही. भाभी थोडी नाराज आहे आणि तिचीही बाजू आहे. त्या घराला छप्पर तिनं आणि भाईजाननी घातलं, अब्बांचं औषधपाणी तिनं केलं. हे सगळं हिशेबात कसं धरायचं, ते अजून बोलायचं आहे. पण बोलणं सुरू आहे, आणि कामशेतला आम्हाला चहा मिळतो. मागच्या वेळी तर आपाच्या हातात भाभीनं स्वतः कप दिला.

बहिणींनो आणि भावांनो, तुमच्याही घरी कुठेतरी अशी पेटी असेल. ती बंद ठेवून कसर लावू नका, आणि एकट्यानं कात्रीही चालवू नका. आधी सगळ्यांना विचारा. साडीपासून सुरुवात करणं सोपं असतं. ज्या घरात साडीसाठी विचारायची सवय लागते, तिथे पुढचा मोठा प्रश्न विचारायला थोडी तरी हिंमत येते. आणि जिथे सह्या होऊन गेल्या आहेत, तिथल्या भावांनी एकदा बहिणीला विचारावं, की तेव्हा तू खुशीनं दिलं होतंस का? उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारावं.

भाईजानच्या गोधडीचे तुकडे झाले आहेत, पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत तीही शिवून व्हायला हवी. इन्शाअल्लाह, त्यांना ती कामशेतच्याच घरी नेऊन देऊ.